घेणारा

धामणगाव बढ्यात माझं चुना, सिमेंट आणि लोखंडाचं दुकान आहे. पाटीवर माझं नाव हातभर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. तरी पंचक्रोशीत अजून चार-पाच माणसं अशी आहेत जी मला त्या नावानं हाक मारत नाहीत. ती मला 'युरिया' म्हणतात. बाजारात म्हणतात, लग्नात म्हणतात, एकदा तर तेरवीच्या पंगतीत एकजण वरणाची बादली घेऊन माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "काय बे युरिया, वाढू का?" मी भरल्या ताटावरून उठून गेलो होतो. लोक म्हणाले, तापट आहे. आहेच मी तापट. पण तापट माणसाला युरिया का म्हणतात, हे त्यांच्यातल्या कुणाला विचारलं तर धड सांगता येणार नाही.

हे नाव पडलं आमच्या विज्ञानाच्या सरांमुळे. नाव पोरांनी ठेवलं. सरांनी नुसता एक शब्द उच्चारला होता. पण मी सौद्यावर मोठा झालेला माणूस आहे. आई आठवडी बाजारात वांगी-मिरच्या घेऊन बसायची आणि मी तिच्या शेजारी तराजू धरायचो. एका शब्दानं सौदा जुळतो आणि एका शब्दानं मोडतो, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधी कळत होतं. त्यामुळे सरांचा तो शब्द मी पस्तीसेक वर्षं जपून ठेवला. चांगल्या गोष्टी इतक्या जपल्या नाहीत.

सर आमच्याकडचे नव्हते. साखरखेर्ड्याकडचे होते. जिल्हा एकच, पण बोली वेगळी. आम्ही 'मले, तुले' म्हणायचो, ते 'मला, तुला' म्हणायचे आणि प्रत्येक वाक्यात एक 'लई' टाकायचे. पोरं त्यांच्या मागे 'लई सर, लई सर' करत. त्यांना ते ऐकू जाई. ते वळून बघत नसत. उंच, वाळलेले, शर्टाचं वरचं बटन कायम लावलेलं. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली होती, मूल नव्हतं. गावाच्या टोकाला, पिठाच्या गिरणीमागे एका खोलीत राहत. बदली झाली नाही, त्यांनी मागितली नाही आणि पेन्शनीत निघाल्यावरही ते गेले नाहीत. काऊन गेले नाहीत, हे गावाला पडलेलं कोडं होतं. गावानं ते काही दिवस चघळलं आणि मग टाकून दिलं.

त्यांची एक सवय सगळ्यांना माहीत होती. ते प्रत्येक वस्तूला पालथा हात लावून बघत. चहाच्या ग्लासाला, भिंतीला, हातपंपाच्या दांड्याला, वर्गात पेंगणाऱ्या पोराच्या कपाळाला. तळहात लावत नसत. म्हणत, "तळहात कामानं मरतो. पालथा हात खोटं बोलत नाही." मोताळ्याला जाताना एसटीत चढले की रिकाम्या सीटला आधी पालथा हात लावायचे आणि म्हणायचे, "आत्ताच उठलंय कुणीतरी." मग बसायचे. ते ऐकून लोक हसत. मला मात्र एकदा वाटलं होतं की कुणीतरी आत्ताच उठून गेलं, या गोष्टीची नोंद घेणारा या गावात हा एकच माणूस आहे.

त्यांच्यासमोर थंडीबद्दल बोलायची सोय नव्हती. स्टँडवरच्या हॉटेलात एकजण म्हणाला, "सर, औंदा थंडी लय आली."

"थंडी येत नसते," सर म्हणाले.

"मंग मी कुडकुडून काऊन राह्यलो?"

"तुझी उष्णता जाऊ राहिली म्हणून. थंडी नावाची वस्तू जगात नाही. नुसतं येणं-जाणं आहे. तुझ्यापासून जातं, दुसऱ्याकडे येतं."

"कोणाकडं येते?"

"त्या खांबाकडे. टेकून बसलास ना?"

तो माणूस खांबापासून झटकन बाजूला झाला. हॉटेलात असा हशा पिकला की हॉटेलवाल्याच्या हातातली गाळणी पडली. हॉटेलवाला माझ्याच वर्गातला. पुढे त्याचं काम आहे म्हणून सांगून ठेवतो.

एका लग्नात त्यांना आशीर्वादाचं बोलायला उभं केलं. पुढाऱ्याची वाट बघत होते आणि माइक रिकामा होता, म्हणून. सरांनी खिशातून काडेपेटी काढली. म्हणाले, "लाकूड जळायला तयारच असतं. हवाही तयार असते. तरी गंजी आपोआप पेटत नाही. का? आधी थोडी उष्णता कुणीतरी द्यावी लागते. काडी घासावी लागते. ती पहिली घासणी ज्यानं केली नाही, त्याचं सरपण जन्मभर तसंच राहतं." मग नवरदेवाकडे वळून म्हणाले, "घासायला लाजू नका." मांडव हसून हसून आडवा झाला. लोक का हसतात ते सरांना कळलं नाही. ते काडेपेटी खिशात ठेवून मांडवाच्या कडेला एकटे जेवायला बसले. ही गोष्ट त्यांनी लग्नाबद्दल सांगितली होती की स्वतःबद्दल, हा प्रश्न मला आत्ता पडतो. तेव्हा मीही हसलो होतो. सगळ्यांत मोठ्यानं.

आता त्या शब्दाकडे येतो.

आठवीत होतो. रासायनिक अभिक्रियेतली उष्णता, हा धडा होता. पुस्तकात उष्मादायी आणि उष्माग्राही असे दोन दात पाडणारे शब्द होते. सरांनी ते फळ्यावर लिहिले, पुसले आणि म्हणाले, "देणारी आणि घेणारी. झालं. काही अभिक्रिया होताना उष्णता बाहेर देतात, काही आजूबाजूची घेतात. आता हे मी सांगितलं म्हणून मानायचं नाही. हात लावून मानायचं."

शाळेत प्रयोगशाळा नव्हती. एक कपाट होतं, त्याची किल्ली हरवली होती. होता तो एक लांब थर्मामीटर. सर तो मफलरमध्ये गुंडाळून घरी नेत आणि रोज परत आणत. आम्हा पोरांना तो हातात धरायची इतकी हौस होती की काय सांगू. पारा वर चढताना बघणं म्हणजे आमच्यासाठी जत्रेतला पाळणा होता.

सर म्हणाले, "देणारीसाठी कळीचा चुना मी आणतो. घेणारीसाठी युरिया पाहिजे. कोण आणील?"

युरिया पाण्यात टाकला की पाणी गार पडतं, हे आमच्याकडे शेतात फवारा मारणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पण त्या हंगामात युरियाची ओढाताण होती. कुणी हात वर केला नाही. मी केला. पण नुसता केला नाही.

"सर, मी आणतो. पण थर्मामीटर मी धरीन."

सरांशी सौदा आजवर कुणी केला नव्हता.

"बरं," सर म्हणाले.

"दोन्ही प्रयोगाले."

"दोन्हीला," सर म्हणाले. हे 'दोन्हीला' मी आजही त्यांच्या आवाजात ऐकू शकतो. ठरलं म्हणजे ठरलं.

घरी आमच्या वांग्यांसाठी आणलेली अर्धी गोणी होती. आई मळ्यात गेल्यावर मी त्यातली दोन ओंजळी टॉवेलात बांधली. संध्याकाळी तिनं गोणीची गाठ ओळखली आणि मला उलथन्यानं मारलं. ते सांगण्यासारखं नाही, पण हिशेबात धरावं लागतं. मी तो युरिया फुकट आणला नव्हता.

पहिला प्रयोग झकास झाला. सरांनी पितळी तांब्यात पाणी घेतलं, मी थर्मामीटर बुडवला आणि मोठ्यानं वाचलं, "एकोणतीस." युरिया टाकला, सर काडीनं ढवळत होते आणि पारा माझ्या डोळ्यांपुढे खाली सरकत होता. मी एकेक अंश ओरडत होतो आणि मागची पोरं माझ्यामागून ओरडत होती. सतरावर थांबला. मग तांब्या वर्गभर फिरला. प्रत्येकानं पालथा हात लावला. बाहेरून तांब्याला घाम आला होता.

सर म्हणाले, "खरं पाहिलं तर ही अभिक्रिया नाही, नुसतं विरघळणं आहे. पण उष्णतेचा न्याय तोच. तुम्हाला गार लागलं, म्हणजे काय झालं? तुमच्या हातातलं तिकडं गेलं. हा घेणारा."

मग कळी. पांढरे दगडासारखे खडे. सरांनी ते घमेल्यात ठेवले, थोडंसं पाणी शिंपडलं आणि आम्हाला दोन पावलं मागे सरकवलं. आधी काहीच झालं नाही. मग खडे तडकले, फुगले, सूं सूं करायला लागले आणि वाफ निघाली. बिन आगीचं उकळत होतं ते. सर म्हणाले, "लांबून हात धरा फक्त. थर्मामीटर राहू दे."

"काऊन?" मी म्हणालो. "दोन्हीले ठरलं होतं."

"याची उष्णता लई आहे. त्याला सोसणार नाही."

"सर, ठरलं होतं."

आणि मी घातला. सरांचा हात येईपर्यंत घातला. पारा एका दमात वर पळाला, वरच्या टोकाला लागला आणि टक असा आवाज झाला. अगदी बारीक आवाज. चुन्यात पाऱ्याचे मणी पळाले. माझ्या हातात वरची नळी राहिली.

सरांनी मारलं नाही. मारलं असतं तर मी तो मार केव्हाच विसरलो असतो. त्यांनी माझ्या हातातून ती नळी काढून घेतली, बराच वेळ तिच्याकडे बघितलं आणि वर्गाला म्हणाले, "हे पाहा. हा पण घेणारा."

शाळेची घंटा झाली. वर्ग फुटला तो हसत. दारापर्यंत जाईतो मी युरिया झालो होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. थर्मामीटर फुटला, चूक झाली, कबूल. पण त्या दिवशी त्या वर्गात आणलं कोणी होतं? आईच्या गोणीतून काढलं कोणी, उलथनं खाल्लं कोणी? ज्यानं दिलं त्यालाच घेणारा म्हणायचं, हा कुठला न्याय? मी रागानं चार दिवस शाळेत गेलो नाही. पाचव्या दिवशी गेलो तर पुढचा धडा सुरू झाला होता. त्यानंतर सरांच्या तासाला मी शेवटच्या बाकावर बसलो आणि वर्षभर हात वर केला नाही.

पुढे दहावीनंतर शाळा सुटली. हातगाडीवर चुना विकण्यापासून सुरुवात केली, हे सगळं गाव जाणतं. चुनेवाल्याला लोक सोडतात थोडेच? "कोणाकोणाले चुना लावला आज?" असं रोज कुणीतरी विचारायचं. मी भावाला पक्का होतो. समोरचा माणूस कुठवर येईल, हे मला त्याच्या चपलेवरून कळायचं. सौदा माझ्या बाजूनं ठरला की बरं वाटायचं, आणि तेवढ्यात आतून तो आवाज यायचा, हा पण घेणारा. मग पुढच्या गिऱ्हाइकावर मी उगाच ओरडायचो. बायको म्हणायची, "कोणाचा राग कोणावर काढून राह्यले तुम्ही?" मी कधी सांगितलं नाही. आठवीतल्या एका शब्दासाठी पन्नाशीचा माणूस भांडतो, हे बायकोला सांगण्यासारखं नसतं.

सर दरवर्षी दिवाळीच्या आधी दुकानात यायचे. स्वतःची खोली स्वतःच्या हातानं पोतायचे, अगदी पेन्शनीत गेल्यावरही. त्यांना आयता पुडीतला चुना चालत नसे. कळीच पाहिजे. घरी आणून, भिजवून, उकळताना बघून मग पोतायची. ते खड्याला पालथा हात लावायचे, मी भाव सांगायचो आणि ते तेवढेच द्यायचे. कधी घासाघीस केली नाही. एका वर्षी मी चिडून मुद्दाम वाढवून सांगितलं. म्हटलं, आता तरी काही बोलेल हा माणूस. वाद होईल, वादात जुनं निघेल, मी माझं म्हणणं मांडीन. त्यांनी मान हलवली, पैसे ठेवले आणि गोणपाट काखेत मारून निघून गेले. दिवसभर मला जेवण गेलं नाही. त्यांनी आठवण काढली नाही आणि मी काढून दिली नाही. असं वर्षानुवर्षं चाललं.

मग गावात डिस्टेंपर आला, रंगाचे डबे आले, कळी कुणी विचारेना. मी दुकानात ठेवायची बंद केली. पण दिवाळीच्या आधी एक पोतं मागवायचो. एकच. ते का मागवतो, असं मला कुणी विचारलं नाही, म्हणून मला उत्तर शोधावं लागलं नाही.

गेल्या वर्षी सर आले नाहीत.

वसुबारस आली, धनतेरस आली, पोतं तसंच. कळीचं एक आहे. ती नुसती ठेवली तरी राहत नाही. हवेतली ओल पिऊन आतल्या आत विझते. एक दिवस पोतं उघडावं तर खड्यांची भुकटी झालेली असते आणि तिच्यावर पाणी टाकलं तर साधी वाफही निघत नाही. आम्ही त्याला मेलेला चुना म्हणतो. मी स्वतःला म्हणालो, माल वाया जाईल. पोतं छोट्या टेम्पोत टाकलं आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत गिरणीमागे गेलो.

सर अंगणात बाजेवर उन्हात बसले होते. अंगावर स्वेटर, पायांवर गोधडी. इतके वाळले होते की बाज मोकळीच वाटत होती. खोलीचं दार उघडं होतं आणि आतली भिंत मागच्या वर्षीच्या चुन्याची, पोपडे धरलेली.

"कोण?" ते म्हणाले.

"चुनेवाला."

"हां, ये ये. यंदा मला येणं झालं नाही. गुडघे लई धरले."

मी पोतं उतरवलं. बसलो नाही. मनाशी ठरवून आलो नव्हतो, पण तोंडातून निघालंच. "सर, मले तुमच्याशी एक बोलायचं आहे. तुम्ही एक शब्द बोलले होते. तो वापस घ्या."

"कोणता शब्द?"

मी सगळं सांगितलं. युरिया, तांब्या, कळी, थर्मामीटर. माझा आवाज चढला असावा, कारण गिरणीतून एकजण डोकावून गेला. सर ऐकत होते. त्यांचे डोळे एकाएकी चमकले.

"एकोणतीसवरून सतरावर आला होता," ते म्हणाले. "लई सुंदर उतरला त्या दिवशी. नंतर कधी तितका उतरला नाही. युरिया कोरडा होता चांगला."

"तो युरिया मी आणला होता."

"असं? मला पोरगा आठवत नाही." ते खरंच आठवायचा प्रयत्न करत होते. "एक होता खरा, थर्मामीटर फोडणारा. कोण होता तो?"

आता माणसानं काय करावं? पस्तीस वर्षं मी ज्या माणसाच्या पुढे मनात उभा होतो, त्या माणसाच्या मनात मी एक दिवसही उभा नव्हतो. पारा राहिला होता, मी राहिलो नव्हतो.

"मीच तो," मी म्हणालो. "तुम्ही मले घेणारा म्हणले. साऱ्या वर्गापुढं. वापस घ्या."

सरांनी मान हलवली. "निरीक्षण मागे घेता येत नाही. प्रयोग परत करता येतो."

"म्हंजे?"

"पोतं आणलंस ना? घमेलं तिकडं चुलीमागे आहे. आण."

मी भांडायला गेलो होतो आणि घमेलं आणत होतो. खडे टाकले. सर बाजेवरून सांगत होते आणि मी पाणी शिंपडत होतो. खडे तडकले, फुगले, वाफ निघाली. सरांनी बाजेच्या कडेला सरकून दोन्ही हात लांबून त्या वाफेवर धरले. हिवाळ्यात शेकोटीवर धरावेत तसे.

"देणारी," ते म्हणाले.

"ते मले माहीत आहे."

"ही उष्णता कुठनं आली?"

"चुन्यातून."

"चुन्यात कुठनं आली?"

जन्म चुन्यात गेला आणि हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता.

"भट्टीतनं," सर म्हणाले. "आधी हा साधा चुनखडीचा दगड होता. त्याला भट्टीत भाजला, रात्रंदिवस. तो घेत गेला, घेत गेला, घेत गेला. दगडाइतकं घेणारं कुणी नाही. घेतलं म्हणून त्याची कळी झाली. आता पाणी भेटलं, तर तेच काढून देऊ राहिला. ज्यानं घेतलंच नाही त्याच्यापाशी द्यायला काय असणार? हाच तर धडा होता. पहिल्या दिवशी देणारा-घेणारा वेगळे दाखवायचे, दुसऱ्या दिवशी सांगायचं की दोघं एकच असतात, वेळ वेगळी. दर वर्षी असंच शिकवायचो."

"त्या वर्षी?"

"त्या वर्षी पण. थर्मामीटर फुटला म्हणून दुसरा दिवस थोडाच चुकतो?"

दुसऱ्या दिवशी मी मळ्यात विहिरीच्या कठड्यावर बसून पाण्यात दगड मारत होतो.

मी उभाच होतो. म्हणालो, "सर, मंग तुम्ही अर्धंच बोलले मले."

"अर्धं तू ऐकलंस," सर म्हणाले. घमेल्यातला आवाज कमी होत होता. "पण रागात बोललो असेन. थर्मामीटर एकच होता. मला दुसरं होतं काय?"

ही माफी होती की नव्हती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्या धंद्यात इतकं मोघम बोलून चालत नाही.

त्या दिवशी मी दुकानात परत गेलो नाही. चुना गाळला, कुंचा शोधला आणि खोलीची समोरची भिंत पोतली. सर दारात बाज ओढायला लावून तिथून सांगत होते, "पातळ मार, पातळ. दोन हात दे." मी म्हणालो, "चुना मले शिकवू नका." ते पहिल्यांदाच हसले. मग म्हणाले, "भिंतीवर गेल्यावर काय होतं माहीत आहे? हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि हळूहळू परत दगड होतो. तेव्हा पण थोडी उष्णता देतो."

"भिंत गरम होते?"

"हाताला कळत नाही. लई हळू देतो. महिनोन्‌महिने."

मी पुढच्या वर्षी बाकीच्या तिन्ही भिंती पोतून देईन म्हणालो. ते म्हणाले, "भाव काय लावशील?" त्यांनी माझ्याशी केलेली ती पहिली आणि शेवटची घासाघीस.

संध्याकाळी हॉटेलात गेलो आणि हॉटेलवाल्याला विचारलं, थर्मामीटर फुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी काय शिकवलं, आठवते का? तो कपबशा विसळत होता. म्हणाला, "हाव. भट्टीचं सांगतलं होतं. घेणाराच देणारा होते म्हणून. तुहं नाव घेऊन सांगतलं होतं, पाहा बे, तो उद्या येईल तवा सांगजा त्याले."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"मले वाटलं तुले माहीत आहे."

मी त्याच्यावर ओरडलो नाही. चहा प्यायलो. गार झाला होता, म्हणजे ग्लासानं त्याची उष्णता टेबलाला देऊन टाकली होती.

सर माघात गेले. झोपेतच गेले, गिरणीवाल्याला सकाळी कळलं. साखरखेर्ड्याहून दोन माणसं आली, त्यांनी आटोपलं आणि ती गेली. तेरवीला मी होतो, हॉटेलवाला होता आणि आणखी पाच-सहाजण होते. 'लई सर' म्हणून ज्यांनी चिडवलं त्यांच्यातले बहुतेक पुण्याला, नाशिकला आहेत. मोबाइलवर त्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली.

खोलीची किल्ली महिनाभर गिरणीवाल्याकडे होती. एका दुपारी मी ती मागून घेतली. काही न्यायचं नव्हतं. बाज उभी करून ठेवलेली, कोपऱ्यात घमेलं. तीन भिंती पोपडे धरलेल्या आणि समोरची एक पांढरी, मी पोतलेली. मी तिच्यासमोर उभा राहिलो. हा चुना अजून दगड होतोय, अजून थोडं थोडं देतोय, हे मला माहीत होतं. सरांनी सांगितलं म्हणून नाही मानायचं, हात लावून मानायचं.

मी पालथा हात लावला.

भिंत गार लागली. अगदी हिवाळी गार. क्षणभर माझं डोकं तापलं. या माणसानं शेवटी मलाही चुना लावला, असं वाटलं. आणि मग कळलं. गार लागलं म्हणजे काय झालं? मोठ्यानं कुणी विचारलं नव्हतं, तरी मी उत्तर दिलं.

हात काढला नाही. घे म्हटलं, घे.